‘रावपुऱ्यात’ या एका शब्दापासून

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार. मी २९ वर्षांची असून बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका छपाईच्या दुकानात मराठी आणि गुजराती मजकुराची जुळणी करते. बाबा जवळच्याच एका छापखान्यात खिळे जुळवत असत. नोकरी सांभाळून मी बी.सी.ए. केले आणि पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडीफार येते. दोन महिन्यांपूर्वी एका ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो अशा) प्रकल्पाच्या रीडमी या माहितीच्या फाइलमधले तीन स्वल्पविराम आणि एक शब्द बदलून मी आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली. ‘अशा बदलांचा उपयोग होत नाही’ एवढ्या एका ओळीने ती बंद करण्यात आली. मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्या संकेतस्थळावरचे माझे खाते उघडलेले नाही. दादा म्हणतो की हे मोठ्या कॉलेजातल्या, सी प्लस प्लस येणाऱ्या मुलांचे काम आहे आणि त्यातून नोकरी मिळेलच असेही नाही. माझे इंग्रजीही कच्चे आहे. त्या माणसाला माफीचे पत्र लिहावे का? आणि पुन्हा सुरुवात करायची तर कोठून करावी? (जाता जाता एक विचारते. दुकानात आम्ही आता मजकुरासाठी लिबरऑफिस आणि चित्रांसाठी इंकस्केप वापरतो. संस्थांच्या वार्षिक अहवालात ‘दुसऱ्या’, ‘रावपुऱ्यात’ असे शब्द शोधले तर कधी सापडतात, कधी सापडत नाहीत. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. हे मी रोज हाताने निस्तरते. काही उपाय असल्यास कळवावा.)
— एक वाचक, बडोदे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा नजर कंसातल्या त्या शेवटच्या ओळींवर जाऊन थांबली. ज्या प्रश्नासाठी तुम्ही पत्र लिहिलेत त्याचे उत्तर तुम्ही स्वतःच त्या कंसात लिहून ठेवले आहे, असे मला मनापासून वाटते. ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावायचा म्हणजे आपण जी वस्तू रोज वापरतो तिच्यातली आपल्याला खुपणारी एक गोष्ट नेमकी पकडायची, ती दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडायची आणि ती मार्गी लागेपर्यंत पाठ सोडायची नाही. ज्या प्रकल्पातले स्वल्पविराम तुम्ही बदलायला गेलात तो तुम्ही कधी वापरला होता का, हे पत्रात लिहिलेले नाही; बहुधा वापरला नसावा. लिबरऑफिस आणि इंकस्केप हेही ओपन सोर्सच प्रकल्प, आणि ते मात्र रोज आठ-आठ तास तुमच्या हाताखाली असतात.

आधी त्या नाकारलेल्या पुल रिक्वेस्टविषयी लिहिते, कारण ते शल्य मनातून गेल्याशिवाय पुढचे काही मनाला लागणार नाही. त्या मेंटेनरने, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याने, अधिक सौम्य शब्दांत लिहायला हवे होते, यात शंका नाही. परंतु त्याच्या दाराशी रोज काय येऊन पडते तेही पाहायला हवे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम भरवत आली आहे आणि त्यात ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळत असे. २०२० साली त्या टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी फाइलींत कोठे एखादा शब्द, कोठे एखादे विशेषण घालून इतका रतीब घातला की ऐन महिन्यात आयोजकांना नियम बदलावा लागला आणि जे प्रकल्प आपणहून सहभागी होतील त्यांच्यातलेच काम धरायचे ठरले. तेव्हापासून अनोळखी नावाने रीडमीतला किरकोळ बदल आला की पुष्कळ मेंटेनरांच्या कपाळाला आठी पडते. तुमचा हेतू चांगला होता, पण त्याला तो दिसण्याचा मार्ग नव्हता. प्रत्येक पुल रिक्वेस्ट कोणाला तरी उघडावी लागते, वाचावी लागते, तपासण्या चालवून पाहाव्या लागतात, आणि हे काम करणारा माणूस बहुतेक वेळा दिवसभराची नोकरी उरकून रात्री, बिनपगारी बसलेला असतो.

शिवाय सावध राहण्याला एक अधिक गंभीर कारणही आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या छोट्या साधनात कोणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. तो प्रकल्प मुख्यतः एकाच थकलेल्या माणसाच्या खांद्यावर होता. एका अनोळखी सहकाऱ्याने दोन-अडीच वर्षे नेटाने उपयोगी कामे करून त्याचा विश्वास मिळवला, बरोबरीचा अधिकार मिळवला आणि मग हा घात केला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढे खटकले आणि त्याने मुळापर्यंत शोध घेतला म्हणून अनर्थ टळला. ही हकीकत सांगण्यामागे माझा हेतू दुहेरी आहे. मेंटेनर अनोळखी माणसाकडे पारखून का पाहतो ते यातून कळते. आणि ज्याने सगळ्यांना वाचवले त्याच्या शोधाची सुरुवात ‘हे नेहमीसारखे नाही’ एवढ्या एका जाणिवेतून झाली, तेही कळते. ती जाणीव तुमच्याकडे आहे.

तेव्हा माफीचे पत्र लिहू नका. तुमच्याकडून कोणताही अपराध घडलेला नाही, आणि त्या माणसाला आणखी एक टपाल वाचायला लावण्यात कोणाचेच भले नाही. खाते मात्र उघडा. बंद झालेली पुल रिक्वेस्ट हा काही कपाळावरचा डाग नव्हे. या क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या नावावर अशा डझनभर बंद झालेल्या नोंदी असतात. माझ्याही आहेत. माझा पहिला बदल स्वीकारला जायला चार महिने लागले आणि त्यापूर्वी तो पाच वेळा दुरुस्तीसाठी परत आला होता.

आता तुमच्या कंसाकडे येते. ‘रावपुऱ्यात’ हा शब्द कधी सापडतो आणि कधी सापडत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. तुम्हाला आणि मला तो शब्द एकच दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. ‘य’च्या अलीकडे येणारी ती डोळ्याच्या पापणीसारखी रेघ टंकण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, ०९३१ हा क्रमांक असलेले ‘ऱ’ हे अक्षर, त्यापुढे हलन्त आणि मग ‘य’ येतो. दुसऱ्या रीतीत ०९३० क्रमांकाचा नेहमीचा ‘र’, हलन्त, त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाचे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि मग ‘य’ येतो. युनिकोडने पहिली रीत मुख्य मानली असून दुसरी आपल्याच जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवली आहे. कोणता कीबोर्ड कोणती रीत वापरतो त्यावर सारे अवलंबून असते. तुमच्या दुकानात अहवालाचा अर्धा मजकूर तुम्ही टंकला असेल आणि अर्धा संस्थेच्या चिटणिसांनी मोबाइलवरून पाठवला असेल, तर एकाच पानावर दोन्ही ‘रावपुऱ्यात’ शेजारी-शेजारी नांदत असतील आणि शोध घेताना त्यांतला एकच हाती लागेल.

बाहेरच्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटेल. तुम्हाला ती तशी वाटत नाही, कारण तुम्ही लग्नपत्रिका जुळवता आणि ‘आचार्यांना बोलावले’ व ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत एका रेघेने केवढा फरक पडतो ते जाणता. ‘दर्या’ समुद्राचा आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या, हेही तुम्हाला सांगावे लागत नाही. जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसून लिबरऑफिसची शोधसुविधा लिहिणाऱ्या उत्तम प्रोग्रामरला, त्याला सी प्लस प्लस कितीही येत असले तरी, हे दिसणे शक्य नाही. ते त्याला कोणीतरी दाखवून द्यावे लागते. दादांना माझा निरोप सांगा की प्रकल्पात दोघांचीही जागा आहे आणि या बाबतीत पहिली पायरी तुमची आहे.

दाखवून द्यायचे म्हणजे कसे, ते थोडे सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची गाडी येथेच अडते. ‘मराठी नीट चालत नाही’ अशी तक्रार कोणाच्याच उपयोगाची नसते. आधी दोष कोणाचा आहे ते ठरवावे लागते. ‘ल’ आणि ‘श’ यांचे उदाहरण घ्या. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये या अक्षरांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे ठेवलेली असू शकतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदलेले असेल तरच मराठी वळण पुढे येते. म्हणून सर्वांत आधी लिबरऑफिसच्या भाषाविषयक पर्यायांत जाऊन जटिल लिपींच्या मजकुरासाठी हिंदीऐवजी मराठी निवडलेली आहे का ते पाहा; कित्येकदा प्रश्न तेथेच मिटतो. तेवढ्याने मिटला नाही तर तोच शब्द त्याच प्रोग्रामात दुसऱ्या फॉन्टमध्ये करून पाहा, आणि मग तोच फॉन्ट घेऊन दुसऱ्या प्रोग्रामात करून पाहा. दोष फॉन्टच्या मागे-मागे जात असेल तर तक्रार फॉन्ट करणाऱ्यांकडे न्यायची. प्रोग्रामच्या मागे जात असेल तर त्या प्रोग्रामच्या मंडळींकडे न्यायची. अनेक फॉन्टांत आणि अनेक प्रोग्रामांत सारखाच दोष दिसला तर हार्फबझ या इंजिनाचा विचार करावा लागतो. अक्षरे एकमेकांना जोडून त्यांचे आकार ठरवण्याचे काम ते करते आणि लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड ही सारी मंडळी त्याच्यावरच विसंबून असतात. तेथे झालेली एक दुरुस्ती एकाच वेळी किती ठिकाणी पोचेल याची तुम्हीच कल्पना करा.

एवढे झाले की आपल्या आधी कोणी हीच नोंद केली आहे का ते पाहायचे. लिबरऑफिसच्या नोंदी बगझिला या वहीत असतात आणि तेथे शोध घेता येतो. नोंद सापडली तर नवी करू नका, तिच्याखाली आपला अनुभव लिहा. तेथे नव्या नोंदीवर ‘अनकन्फर्म्ड’ असा शिक्का असतो आणि दुसऱ्या कोणी आपल्या संगणकावर तोच दोष पाहून दुजोरा दिला की तो शिक्का बदलतो. असा दुजोरा देणे हेच एक पूर्ण वेळचे काम होईल इतक्या नोंदी वाट पाहत पडलेल्या असतात, आणि त्या कामाला कोड लिहिता येण्याची अट नाही. भारतीय लिपींच्या नोंदींना दुजोरा देणारे फार थोडे आहेत, म्हणून त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात. मला या गोष्टीचे नेहमी वाईट वाटते. दोष कोणी दुरुस्त करायला तयार नसतो असे नाही, दोष खरा आहे असे सांगणारा दुसरा माणूसच पुढे येत नाही.

नोंद सापडली नाही तर तुमची नोंद मराठीत मांडल्यास साधारण अशी होईल: ‘लिबरऑफिसच्या रायटरमध्ये नवी फाइल उघडली. पहिल्या ओळीत ०९३१ वापरून आणि दुसऱ्या ओळीत ०९३० व जोडचिन्ह वापरून “रावपुऱ्यात” हा एकच शब्द टंकला. दोन्ही ओळी दिसायला सारख्या आहेत. शोधाच्या चौकटीत पहिल्या रीतीने शब्द टंकून शोधले. दोन ठिकाणे सापडावीत अशी अपेक्षा होती, एकच सापडले.’ याखाली प्रोग्रामच्या आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, संगणकावरची प्रणाली आणि फॉन्टचे नाव लिहायचे, आणि दोनच ओळींची फाइल व पडद्याचे एक छायाचित्र जोडायचे. विशेषणे नकोत, संताप नको आणि उपाय सुचवायची घाईही नको. नेमके बोलायचे तर या प्रकाराला बग, म्हणजे दोष, न म्हणता सुधारणेची मागणी म्हणणे अधिक योग्य होईल, कारण प्रोग्राम आपल्या नियमाप्रमाणेच वागतो आहे आणि नियमच मराठीला अपुरा पडतो आहे. तशी निवड नोंद करताना देता येते.

येथे एक सूचना मी हात जोडून करते. दुकानातली खरी फाइल कधीही जोडू नका. लग्नपत्रिकेत लोकांची नावे, घरांचे पत्ते, फोन नंबर असतात आणि अहवालात देणगीदारांच्या याद्या असतात, आणि अशी नोंद जगात कोणालाही वाचता येते. दोष दाखवायला एक शब्द पुरत असेल तर फाइलमध्ये एकच शब्द ठेवावा. शेठजींनाही आपण काय करतो आहोत ते सांगून ठेवावे. दुकानाच्या वेळात आणि दुकानाच्या यंत्रावर केलेल्या कामाविषयी पुढे गैरसमज नको.

इंग्रजीची भीती याच ठिकाणी आपोआप कमी होते. वर लिहिलेल्या नोंदीत एकही अवघड वाक्य नाही. पायऱ्या क्रमाने लिहिल्या, एका वाक्यात एकच गोष्ट सांगितली आणि छायाचित्र जोडले की जगातला कोणीही ती समजू शकतो. लिनक्स या संगणकप्रणालीचा जन्म १९९१ साली ज्यांच्या हातून झाला ते लिनस टोरवाल्ड्स फिनलंडमधले, आणि त्यांची मातृभाषा स्वीडिश. या जगात मोडके इंग्रजी लिहिणाऱ्यांचीच संख्या मोठी आहे. एक पथ्य मात्र पाळा. हल्ली एआयकडून लांबलचक, गुळगुळीत नोंदी लिहून घेऊन पाठवण्याची रीत पडली आहे. १९९८ पासून चालत आलेल्या कर्ल या इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या साधनाच्या प्रकल्पाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी अशा पोकळ अहवालांपायी वाया जाणाऱ्या वेळाबद्दल वारंवार जाहीरपणे लिहिले आहे. व्याकरण तपासून घ्यायला यंत्राची मदत घ्या, पण आपण स्वतः पाहिलेले नाही आणि आपल्याला समजलेले नाही असे एकही वाक्य आपल्या नावाने जाऊ देऊ नका.

नोंदीच्या जोडीला भाषांतराचे काम आहे, आणि ते तुमच्या हातचे आहे. लिबरऑफिसचे भाषांतर वेबलेट या साधनावर आणि फायरफॉक्सचे पोंटूनवर चालते. तेथे एकेक वाक्य समोर येते आणि मराठी रूप सुचवायचे असते. वरवर सोपे दिसणारे हे काम बारकाईने पाहिले तर अवघड आहे. इंग्रजीतला ‘ओपन’ हा शब्द आज्ञा म्हणून आला तर ‘उघडा’, स्थिती म्हणून आला तर ‘उघडी’ किंवा ‘उघडलेली’, आणि आपल्याकडे ‘उघडा’ म्हणजे अंगात सदरा नसलेला असाही अर्थ होतो. ‘फ्री’ हा शब्द डिस्कविषयी असेल तर ‘मोकळी’ जागा, किमतीविषयी असेल तर ‘मोफत’, आणि हक्काविषयी असेल तर ‘मुक्त’. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन वर्षानुवर्षे इंग्रजी वाचकांना ज्या दोन अर्थांतला भेद समजावून सांगत आले त्यांना आपल्याकडे आधीपासूनच दोन वेगळे शब्द आहेत, याचा मला दर वेळी आनंद होतो. तेव्हा शब्द कोणत्या पडद्यावर, कोणत्या बटणावर येणार हे पाहिल्याशिवाय भाषांतर करू नका.

लिंगाची अडचण त्याहून मोठी आहे. वाक्याच्या मध्यभागी प्रोग्राम स्वतः एखादे नाव भरतो आणि पुढे ‘काढून टाकले’ असे क्रियापद येते. पण ते नाव फॉन्टचे असेल तर ‘टाकला’, फाइलचे असेल तर ‘टाकली’, चित्राचे असेल तर ‘टाकले’ असे हवे. इंग्रजीला ही पंचाईतच नाही, म्हणून लिहिणाऱ्याच्या ती ध्यानात येत नाही. अशा वेळी ‘ही तीन वाक्ये वेगवेगळी द्या’ अशी प्रकल्पाकडे मागणी करणे हेही योगदानच असते, आणि त्या मागणीचा फायदा हिंदी, गुजराती अशा आणखी कित्येक भाषांना मिळतो. तुम्ही गुजरातीही जुळवता, त्यामुळे दोन्ही भाषांतली उदाहरणे एकाच वेळी देऊ शकाल.

भाषांतर सुरू करण्यापूर्वी आधीच्या मंडळींनी कोणते शब्द वापरले आहेत ते पाहा आणि त्यांच्याशी बोलून घ्या. एकाच प्रोग्रामात एके ठिकाणी ‘जतन करा’ आणि दुसरीकडे ‘साठवा’ असले की वापरणारा गोंधळतो. तुम्ही ज्या शहरात राहता तेथे हा विचार नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, बडोदे संस्थानाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश काढला आणि त्यात एकेका शब्दासाठी मराठी, गुजराती, हिंदी, बंगाली अशा आठ भाषांतले प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडले. संधी मिळाली तर एखाद्या जुन्या ग्रंथालयात तो अवश्य चाळून पाहा. आठ भाषांचे रकाने समोर ठेवून एक शब्द ठरवायला बसलेली माणसे काय करत होती ते तुम्हाला पहिल्याच पानावर कळेल, कारण वेबलेटवर तुम्ही तेच करणार आहात.

शब्दतपासनिसाचा उल्लेख फक्त ओझरता करते. हनस्पेल हे साधन लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्हींत आहे. त्यात एका फाइलमध्ये शब्द असतात आणि दुसरीत प्रत्यय लागण्याचे नियम असतात. ‘घर’पासून ‘घराला’, ‘घरातून’, ‘घरापर्यंतचे’ ही सारी रूपे त्या नियमांतून तयार व्हावी लागतात. शुद्ध शब्दाखाली लाल रेघ आली की तो शब्द वहीत टिपून ठेवायची सवय लावा. सहा महिन्यांत ती वही मोलाची होईल.

कोडविषयी आता. तुम्हाला सी प्लस प्लस आजच यायला हवे असे मुळीच नाही. इंकस्केपची बहुतेक विस्तारके, म्हणजे जादा सोयी देणारे जोडप्रोग्राम, पायथॉनमध्ये लिहिलेली आहेत आणि लिबरऑफिसमध्ये पायथॉनमधले मॅक्रो, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, चालतात. तुमचा पहिला प्रोग्राम मला आत्ताच दिसतो आहे. मजकुरात ०९३०, हलन्ताचा ०९४डी आणि जोडचिन्हाचा २००डी असे तीन क्रमांक ओळीने आले की त्यांच्या जागी ०९३१ आणि ०९४डी हे दोन ठेवायचे. पायथॉनमध्ये हे मूळ काम एका ओळीचे आहे. ते लिबरऑफिसच्या मॅक्रोत बसवले की अहवाल हाती आल्याबरोबर एकदा चालवायचा आणि दोन्ही ‘रावपुऱ्यात’ एकच होतील. तो आधी दुकानात महिनाभर वापरा, कोठे चुकतो ते पाहा आणि मग स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, ठेवून जगाला खुला करा. त्यासोबत परवान्याची फाइल ठेवायला मात्र विसरू नका, कारण परवाना नसलेला कोड सगळ्यांना दिसत असला तरी तो वापरण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही. एमआयटी परवाना अगदी थोडक्यात जवळजवळ सर्व काही करू देतो. जीपीएल घेतलात तर तुमच्या कामावर आधारलेली वस्तू वाटणाऱ्यालाही तिचा मूळ कोड त्याच अटींवर द्यावा लागतो. मी स्वतः जीपीएलकडे झुकते, पण निवड तुमची आहे.

पुढे दुसऱ्यांच्या प्रकल्पात कोड पाठवाल तेव्हा त्यांच्या कॉन्ट्रिब्युटिंग या फाइलमध्ये जे लिहिले असेल ते शब्दशः पाळा. रिपॉझिटरीचा फोर्क करणे (आपली प्रत घेणे), वेगळी ब्रांच काढणे (बदलांसाठी स्वतंत्र फांदी), कमिट करणे (बदल नोंदवणे) ही गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाची कामे आठवडाभराच्या सरावाने हातात बसतात आणि त्यांची फार धास्ती घेऊ नये. खरा कस कमिटच्या संदेशात लागतो. पहिल्या ओळीत काय बदलले आणि खाली ते का बदलले, हे असे लिहावे की पाच वर्षांनी वाचणाऱ्यालाही उमगेल. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय ठेवा. शब्द दुरुस्त करताना शेजारची मोकळी जागाही नीटनेटकी करण्याचा मोह आवरा. बदल मोठा असेल तर कोड लिहिण्यापूर्वीच ‘असे करू इच्छिते, चालेल का’ म्हणून विचारा. काही प्रकल्प कमिटखाली आपल्या नावाची ‘साइन्ड ऑफ बाय’ अशी ओळ मागतात. लिनक्सच्या कर्नल या गाभ्याच्या प्रकल्पाने २००४ पासून ही रीत घातली आणि तिचा अर्थ एवढाच की हे काम पाठवण्याचा मला हक्क आहे, अशी मी ग्वाही देते. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे तपासणीत, तांबड्या शाईने पान भरून आले तर मुद्रितशोधनाची आठवण ठेवा. बाबांनी जुळवलेले पान शोधकाकडून खुणांनी भरून परत येत असणारच, आणि त्या खुणा पानावर असत, बाबांवर नसत. उत्तर आठवडाभर आले नाही तर आणखी एक आठवडा थांबून एकदा नम्रपणे आठवण करावी. तरीही आले नाही तर दुसरे काम हाती घ्यावे.

नोकरीबाबत दादांचे म्हणणे अर्धे खरे आहे. नोकरीची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी या कामात उतरलेला माणूस सहसा टिकत नाही. परंतु तुमच्या प्रत्येक नोंदीवर आणि कमिटवर तारखेसह तुमचे नाव राहते, आणि मुलाखत घेणारा ते स्वतः वाचू शकतो. २००५ पासून चालणारा गूगल समर ऑफ कोड हा मानधन देणारा उपक्रम २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवोदितांनाही खुला झाला आहे. वर्षभर काम करून झाल्यावर त्याचा विचार जरूर करा, आज नको.

या रविवारी दुकान बंद असताना एवढेच करा: नवी फाइल उघडा, दोन्ही रीतींनी ‘रावपुऱ्यात’ टंका, शोधून पाहा, बगझिलात आधीची नोंद आहे का ते तपासा आणि नसेल तर आपली नोंद करा. तिचा क्रमांक मला कळवा. मी माझ्या संगणकावर त्याच पायऱ्या करून पाहीन आणि मलाही एकच शब्द सापडला तर तुमच्या नोंदीखाली दुजोरा लिहीन.